प्रतिज्ञापत्राने सगळं कळत नाही

‘उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचलं की मतदाराला सगळं कळतं,’ हे निवडणुकीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. त्यात गुन्हे, शेती, सोनं, कर्ज, सरकारी घराची थकबाकीसुद्धा असते. पण पाच वर्षं हाताशी असलेला आमदार निधी कुठे गेला, याची एक ओळ नसते. आमच्या तापीकाठच्या गावात आचारसंहितेच्या आदल्या आठवड्यात हायमास्ट (उंच खांबावरचा मोठा दिवा) उभा राहिला, खाली ‘यांच्या निधीतून’ अशी भली मोठी पाटी. आचारसंहिता लागल्यावर ग्रामसेवकाने पाटीला वर्तमानपत्र चिकटवलं. ते वाऱ्याने दुपारीच निघालं. दिवा मात्र अजून लागलेला नाही, वीजजोडणीच घेतलेली नव्हती!

आणि ‘कायदा आपलं काम करतो’ असंही त्याच लेखात म्हटलंय. करतो, पण केव्हा? जळगावच्या घरकुल घोटाळ्यात, म्हणजे गरिबांसाठीच्या घरांच्या योजनेतल्या गैरव्यवहारात, गुन्हा दाखल झाला २००६ मध्ये, आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी धरलं २०१९ मध्ये. मधे विधानसभेच्या दोन निवडणुका होऊन गेल्या. शिक्षा झाल्याशिवाय अपात्रता नाही, मग तोवर मतदाराने काय बघायचं? निदान पुन्हा उभ्या राहणाऱ्या आमदाराने कामनिहाय खर्च, ठेकेदाराचं नाव आणि काम पूर्ण की अर्धवट, एवढं तरी अर्जासोबत जोडावं.