मूल आईच्या मांडीवर सुरक्षित? नाही!

चवथीला गावी निघालेल्यांसाठी एक संदेश फिरतोय: ‘पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर, एकाच बेल्टमध्ये बाळ सर्वांत सुरक्षित.’ हे चूक आहे, आणि साधीसुधी चूक नव्हे.

ताशी 50 किमी वेगात धडक बसली तर 10 किलोच्या बाळाचा झटका सुमारे 30 पट, म्हणजे 300 किलोंचा होऊ शकतो. कुठली आई तो हातांनी पेलणार? एकच बेल्ट दोघांना लावला तर आईचं वजन बाळावरच येतं. शिवाय समोरची एअरबॅग डोळ्याचं पातं लवण्याआधी फुगून बाळावरच आदळते. मागे तोंड करून बसवायची बेबी सीट चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवू नये.

बारा वर्षांपर्यंत मुलांची जागा मागेच. त्यातही मधली उत्तम, कारण बाजूच्या धडकेपासून ती लांब. पण तिथे फक्त कमरेचा पट्टा असेल किंवा चाइल्ड सीट डळमळत असेल, तर कडेची घट्ट बसणारी जागा बरी. आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे, हूक बहुतेक गाड्यांत कडेलाच असतात.

‘म्हापशापर्यंतच तर जायचंय’ हे कारण आमच्याही घरात चालायचं. मोटार वाहन कायद्यात अंतराची सूट नाही: 14 वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटविना बसवल्यास कलम 194ब नुसार 1,000 रुपये दंड आहे.