सहा आठवडे? आमच्याकडे नाही बुवा
एका लेखात म्हटलंय, ऑपरेशन करून गुडघा बदलल्यावर सहा आठवड्यांत माणूस हिंडाफिरायला लागतो. हिंडतो, पण कसा ते घरच्यांना विचारा! आईच्या पायाला दोन महिन्यांनीही संध्याकाळी सूज यायची. ती ३ ते ६ महिने राहू शकते, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. गुडघा ९० अंशांत वाकवताना ती पदराचं टोक दातात धरायची. जिन्यात बाबांचा घोष ठरलेला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. शेजारच्या काकू 'आमच्या वन्संची महिन्यात काठी सुटली' म्हणाल्या की आई दिवसभर गप्प. (अशांना चहा पाजून लवकर वाटेला लावावं.) चौथ्या महिन्यात नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर अर्धी फेरी झाली, आणि बाकावर टेकून तिने स्वतःहून भेळ मागितली.