काळी, पिवळी आणि अनंत

पोळ्याच्या आधीच्या रविवारी सकाळी मी नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकातून आत शिरणाऱ्या एका बोळात, जुन्या सामानाच्या दुकानाच्या पायरीवर पाऊण तास उकिडवा बसलो होतो. एका हातात मोबाइलचा टॉर्च होता, दुसऱ्या हातात रशियन बनावटीची एक जुनी लेन्स होती, आणि डावा डोळा इतका वेळ घट्ट मिटलेला होता की तो उघडल्यावर दुकानदार मला काही क्षण जांभळा दिसला. खरे म्हणजे मी घरून सांबार आणायला निघालो होतो. पुण्यामुंबईच्या वाचकांचा गैरसमज नको म्हणून सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. तो इडलीबरोबर खात नाहीत, पण त्याच्यावाचून परत आल्यास घरात धड स्वागतही होत नाही.

लेन्स हेलिऑस ४४-२ होती. ५८ मिलिमीटर, एफ-२. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्याची खूण, म्हणजे लोलक आणि त्यातून आरपार जाणारा किरण, तिच्या कपाळावर कोरलेली होती आणि क्रमांकाचे पहिले दोन आकडे ७९ होते. तिथल्या क्रमांकातले पहिले दोन आकडे बहुधा सालाचे असतात, तेव्हा लेन्स १९७९ सालची, माझ्याहून दोन वर्षांनी वडील. तिचे घराणे मात्र त्याहून पुष्कळ जुने. जर्मनीत येना येथे कार्ल झाइसने काढलेली बायोटार ही तिची पूर्वज. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी तिचीच नक्कल हेलिऑस या नावाने काढली आणि झेनिट कॅमेऱ्यांच्या तोंडाला लावून ती जगभर पाठवली. त्यामुळे ती दुर्मीळ मुळीच नाही. दुर्मीळ वस्तू परवडत नाही म्हणून माणूस निदान शांतपणे घरी तरी जातो. छळ होतो तो परवडणाऱ्या वस्तूचा.

तिच्यासाठी जीव टाकण्याचे कारण म्हणजे तिचे बोके. छायाचित्रातली पार्श्वभूमी धूसर होताना तिला जे रूप येते, त्याला जपानी शब्दावरून बोके म्हणतात आणि मराठी घरात हा शब्द उच्चारणे जोखमीचे आहे. ‘‘या लेन्सचे बोके फार सुंदर असतात, मागच्या मागे गोल गोल फिरतात,’’ असे मी सौ.ला सांगितले, तेव्हा तिने आधी गच्चीचे दार लावून घेतले आणि मग दुधाचे पातेले झाकले. हेलिऑसची गंमत अशी की झाडासमोर माणूस उभा करून लेन्सचे प्रकाश आत सोडणारे छिद्र पूर्ण उघडे ठेवले, तर मागची पाने त्याच्याभोवती भोवऱ्यासारखी गरगरतात. शास्त्राच्या दृष्टीने हा दोषच आहे. कडेने येणारा प्रकाश लेन्सच्या नळीच्या काठावर थोडा कापला जातो, त्यामुळे चित्राच्या कोपऱ्यांकडचे प्रकाशाचे गोल ठिपके दोन्ही बाजूंनी चेपून निमुळते होतात. छायाचित्रकार त्या आकाराला मांजराचा डोळा म्हणतात. तेव्हा सौ.चे सगळेच चुकले असे मी म्हणणार नाही.

आता पायरीवर बसून मी काय करत होतो ते सांगतो. जुनी लेन्स पारखताना एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने पाहतात. धूळ दिसली तर सोडून द्यावी. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत धूळ कोणाच्या पोटात गेलेली नसते? पुढच्या भिंगावरचा बारीक ओरखडा चालतो, मागच्या भिंगावरचा खुपतो. भिंगे एकमेकांना ज्या बाल्समने चिकटवलेली असतात तो सुटू लागला असेल, तर काठाशी इंद्रधनुष्य दिसते आणि ते पाहून आनंद होता कामा नये. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. ती नुसती बसून राहत नाही, भिंगावरचा लेपही खाते. हे सगळे मला तोंडपाठ आहे, आणि माझ्या दुःखाचे मूळही तेच आहे, कारण टॉर्चच्या झोतात निर्दोष दिसेल अशी लेन्स मी आजवर पाहिलेली नाही. एकदा घरची दोन वर्षांपूर्वी घेतलेली कोरी लेन्स मी सहज टॉर्चसमोर धरली, तर तिच्या पोटात उन्हाळ्यातल्या आमच्या कूलरच्या टाकीत असते तितके विश्व तरंगत होते. त्यानंतर आठवडाभर मला तिने काढलेला प्रत्येक फोटो धुरकट दिसला. तेव्हापासून तिच्यावर प्रकाश टाकायचा नाही, असे आमच्यात ठरलेले आहे.

‘‘काय शोधून राह्यले भाऊ इतकं? काही पडलं का आत?’’ दुकानदार काकांनी विचारले.

‘‘बुरशी आहे काका.’’

‘‘असन. पावसाळा आहे ना.’’

लेन्सची किंमत त्यांनी १२०० रुपये सांगितली होती. ती मला मनातून मान्य होती, पण सांगितल्या भावाने वस्तू घेणे हे आमच्या तीन पिढ्यांत कोणी केलेले नाही. म्हणून मी दोषांचे वाचन सुरू केले. मागच्या भिंगाच्या काठाशी बुरशीचे दोन तंतू आहेत, असे म्हटल्यावर १२०० चे १००० झाले. फोकसची रिंग जड फिरते, ग्रीस वाळले आहे, म्हटल्यावर ८००. छिद्र लहान-मोठे करणाऱ्या पात्यांना तेल लागले आहे, म्हटल्यावर ६००. आत थोडा धुरकटपणाही आहे, असे मी म्हणालो तेव्हा काका चष्म्यावरून माझ्याकडे पाहू लागले.

‘‘सिधा मोतीबिंदू म्हणा ना. माह्या दोन्ही डोळ्यांत आहे. तरी मले बराबर दिसून राह्यलं, का तुम्ही काही घेत नाही.’’ मग एक सुस्कारा टाकून ते म्हणाले, ‘‘जाऊ द्या, तीनशे द्या.’’

इथे शहाण्या माणसाने तीनशे रुपये काढून दिले असते. पण माझ्यावर माझ्याच भाषणाचा परिणाम होऊ लागला होता. जी वस्तू अर्ध्या तासात १२०० वरून ३०० वर येते, तिच्यात मला न दिसलेले आणखी काहीतरी असणार, असे मला प्रामाणिकपणे वाटू लागले. ज्या लेन्सची मी इतकी बदनामी केली होती, ती आता माझ्याच्याने घेववेना.

माझी घालमेल पाहून काकांनी कपाटातून दुसरी लेन्स काढली. ‘‘मंग ही घ्या. पिवळी आहे थोडी.’’ ती जपानी ताकुमार होती, ५० मिलिमीटर, एफ-१.४, आणि थोडी नव्हे, तर चांगली लिंबाच्या सरबताइतकी पिवळी होती. या लेन्सच्या काही जुन्या आवृत्त्यांच्या काचेत थोरियम असते. त्याच्या किरणोत्सर्गाने वर्षानुवर्षांत काच पिवळी पडते आणि अतिनील प्रकाशात ठेवली की पिवळेपणा पुष्कळसा उतरतो. लोक त्यासाठी खास दिवे विकत आणतात. नागपूरच्या माणसाला तो खर्च नाही. आमच्या गच्चीवर मे महिन्यात ४५ अंशांत जी वस्तू ठेवाल तिचा रंग उतरतो, ठेवणाऱ्याचासुद्धा. मात्र त्याच उन्हात आतले ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरू शकते, म्हणजे पिवळेपण गेले की तेलकटपण येणार. शिवाय कुरडयांच्या शेजारी किरणोत्सर्गी वस्तू वाळत घातलेली सौ.ला कशी पटवायची हा प्रश्न होताच. हा किरणोत्सर्ग छायाचित्र काढणाऱ्याला बाधण्याइतका नसतो, हे मला ठाऊक आहे. पण मी कुरडया खाणाऱ्यांबद्दल बोलतो आहे.

एक काळी आणि एक पिवळी, दोघी शेजारीशेजारी फडक्यावर बसल्या होत्या. मला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मिरवणुकीने निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतींची, म्हणजे गावाची ईडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, आठवण आली.

मी उठलो. उठताना मात्र माझे मन मला खाऊ लागले. म्हाताऱ्या माणसासमोर त्याच्या मालाची आपण नको तितकी नालस्ती केली, ही टोचणी घालवण्यासाठी मी पायरीवर उभा राहून आणखी वीस मिनिटे लेन्सची खरी बाजू सांगितली. पात्यांवरच्या तेलाचे मी निव्वळ भावासाठी बोललो होतो. ज्या लेन्समध्ये फोटोच्या क्षणी पाती टपकन मिटावी लागतात तिथे तेल घातक, हिचे छिद्र हाताने रिंग फिरवून आधीच लहान-मोठे करायचे असते, म्हणून हिला तेलाने फरक पडत नाही. बुरशी अगदी काठाशी आहे, ती सहसा फोटोत उतरत नाही. पाती आठ आहेत, घराणे बायोटारचे आहे. बोकेही समजावून सांगितले. काका शांतपणे ऐकत होते. माझे मन हलके झाले आणि मी सांबार न घेता घरी पोहोचलो.

रात्री वेगळीच भानगड निघाली. माझा कॅमेरा निकॉनचा आहे. हेलिऑस ज्या एम-४२ या आट्याच्या पद्धतीची आहे, तिच्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिलिमीटर असते आणि निकॉनमध्ये तेच ४६.५ मिलिमीटर. म्हणजे लेन्स एका मिलिमीटरहून किंचित जास्त पुढे राहणार, त्यात लेन्स आणि कॅमेरा जोडणाऱ्या अडॅप्टरची जाडी वेगळी, आणि परिणामी ती अनंतावर फोकस होणार नाही. माणूस दीड-दोन मीटरपलीकडे गेला की तो धूसर. मध्ये भिंग बसवलेले अडॅप्टर मिळतात, पण ज्या काचेसाठी एवढा आटापिटा करायचा तिच्या पाठीशी दुसरी हलकी काच लावणे मला प्रशस्त वाटत नाही.

‘‘हिच्यातून मला अनंत दिसणार नाही,’’ मी खिन्नपणे सौ.ला म्हणालो.

‘‘अहो, आपल्या गच्चीवरची टाकी भरून वाहते ती तुम्हाला दिसत नाही. अनंत कशाला पाहिजे?’’

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे मारबतीच्या मिरवणुकीला इतवारीत गेलो. खरे तर हेलिऑस घ्यायची ती याच दिवसासाठी: पुढे मारबत, मागे गरगर फिरणारी गर्दी, असे चित्र दोन वर्षे माझ्या डोक्यात होते. पण मारबत उंच, गर्दीच्या डोक्यावर आणि माझ्यापासून चांगली तीस पावलांवर. हेलिऑसच्या हिशेबाने ती अस्तित्वातच नसती. काळी आणि पिवळी मारबत समोरून गेल्या, भोवतालचे लोक ‘‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’’ म्हणून ओरडत होते, आणि मी त्यांच्यात सूर मिसळून बुरशी, धुरकटपणा आणि जड रिंग यांची नावे घेतली. शेजारच्या गृहस्थांनी मला जागा दिली.

आता न घेण्याची कारणे पुरेशी जमली होती, म्हणून पुढच्या रविवारी मी लेन्स घ्यायला गेलो. अडॅप्टर मी, लेन्स घ्यायची की नाही हे ठरण्याआधीच, मागवून ठेवला होता. आपण निर्णय घेतला नाही असे मानायला तेवढे बरे असते.

लेन्स फडक्यावरून उठून काचेच्या कपाटात गेली होती.

‘‘साडेतीन हजार,’’ काका म्हणाले.

‘‘काका, मागच्या वेळी तीनशे म्हणाला होतात!’’

‘‘तवा मले मालूम नव्हतं ना. बायोटारच्या घराण्याची आहे भाऊ. आठ पाती आहेत, मोजून घ्या. झाडासमोर पोट्टं उभं करा अन् मागचे बोके पाहा.’’

‘‘आणि बुरशी?’’

‘‘काठाशी आहे. फोटोत येत नाही.’’

‘‘तेल?’’

‘‘हिले तेलाचा फरक नाही पडत,’’ असे म्हणून त्यांनी माझ्याकडे, एखाद्या मंद विद्यार्थ्याकडे पाहावे तसे पाहिले. शेवटी तीन हजारांवर सौदा पटला. पाचशे रुपये त्यांनी माझ्या शिकवणीचे कमी केले.

घरी येऊन मी अडॅप्टर लावला आणि दीड मीटरच्या आत काय सापडते ते पाहू लागलो. आमच्या स्वयंपाकघरात दीड मीटरच्या आतच सगळे आहे. ओट्यावर सांबाराची जुडी पाण्याच्या ग्लासात उभी होती. छिद्र पूर्ण उघडले, रिंग जडच होती ती दोन बोटांनी रेटली, आणि एका पानाच्या दातेरी काठावर फोकस आणला. पानावरचा पाण्याचा थेंब स्वच्छ दिसला. मागची खिडकी, स्टीलचे डबे आणि त्यांवर पडलेले ऊन त्याच्याभोवती हळूहळू फेर धरून फिरले. खरेच फिरले. मी ओरडून सौ.ला हाक मारली.

तिने हात पुसत कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले, आणि बराच वेळ पाहिले.

‘‘सुरेख आला आहे हो,’’ ती म्हणाली. ‘‘पण ही कालची जुडी आहे. आजचा सांबार कुठे आहे?’’