चंदनी कोपरे

तिसरी पट्टी मोडली तेव्हा गॅरेजच्या दारात सासरे चहा फुंकत उभे होते. मोडल्याचं एक वेळ सोसतं. बघणारा असू नये, आणि असलाच तर तो सासरा असू नये.

थोडक्यात सांगतो. ओहायोतल्या आमच्या गॅरेजात मी आठ महिने गाडीमागे जोडून न्यायचा एक ट्रेलर बांधतोय. थेंबाच्या आकाराचा, चार फूट रुंद, आठ फूट लांब. आत गादी, मागे ओटा. इथले लोक १९३०च्या दशकापासून असले ट्रेलर घरीच ठोकत आलेत. त्याच्या दाराच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमची एल आकाराची पट्टी बसवायची असते. सरळ कडेला ती शहाण्यासारखी बसते. कोपऱ्याची गोलाई आली, की बाहेरच्या अंगाला ताण बसून चिरते आणि आतल्या अंगाला वळ्या पडतात. व्हिडिओतल्या माणसाच्या हातात तीच पट्टी लोण्यासारखी वळते. पट्टी किती कडक घ्यावी हे तो एकदाही सांगत नाही, लाइक करायला मात्र तीनदा सांगतो.

नाना एकतीस वर्षं एसटीच्या दापोडी वर्कशॉपात होते. गाड्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॉड्या तिथं बांधायचे. हे मला आमच्या लग्नाच्या बैठकीपासून माहीत आहे. विसरायची संधी कोणी दिलेली नाही.

"जावईबापू, ही गाडी कशासाठी?"

"कॅम्पिंगला, नाना. आत झोपायचं."

"घरात चार बेडरूम आहेत ना?"

"आहेत."

"मग भांडण झालंय का?"

आतून बायको हसली.

"सीटा किती?"

"सीटा नाहीत."

"आणि उभ्यानं?"

"आत उभं राहताच येत नाही."

नाना गप्प झाले. ब्रेकडाउन गाडीकडे बघावं तसं माझ्याकडे बघत राहिले. मग कप ठेवून त्यांनी पट्टीवर नखानं टकटक केलं. "माल कडक आहे. ताव दिला नाहीत? साबण आणा."

मी बाथरूममधली बाटली आणली.

"हे हात धुवायचं पाणी. वडी म्हणतोय मी."

आमच्या घरात वडी नाही. नाना जिना चढले आणि बॅगेतून मैसूर सँडलची वडी घेऊन आले. सहा महिन्यांच्या मुक्कामाला मोजून आणलेल्यांपैकी एक, तिचा त्याग त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. हे बोलत नाही. ६६० अंशांला गप्पकन पाणी होतं. म्हणून साबण चोळायचा. काळा पडला की आग बाजूला, वर पाणी, मग मोगरीनं हळूहळू साच्यावर."

अर्ध्या तासात तीन कोपरे झाले. एक चीर नाही, एक वळी नाही. गॅरेजात देवघराचा वास. मी आनंदी व्हायला हवं होतं.

चौथा मी करतो म्हणालो. साबण त्यांनी चोळला, गॅसची टॉर्च माझ्याकडे. साबण काळा झाला, मला तो अजून तपकिरी वाटला, आणि पट्टी माझ्या डोळ्यांदेखत भिजल्या पापडासारखी लोंबली.

"होतं असं," नाना मायेनं म्हणाले. "आमच्याकडे शिकाऊ पोरं करायची."

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. प्लायवूड मी कापलं, वायरिंग मी केलं, छताला पाणी गळू नये म्हणून जानेवारीच्या थंडीत पालथा पडून सीलंट मी भरलं. त्याचा फोटो कोणी काढला? टॉर्च धरलेल्या नानांचा मात्र त्याच रात्री फॅमिली ग्रुपवर पडला: "नानांनी अमेरिकेत गाडी बांधली!" त्याखाली त्रेचाळीस अंगठे. चौथ्या कोपऱ्यावर मी पहिली वळ्या पडलेली पट्टी ठोकलीय. तो कोपरा फोटोत येणार नाही इतपत मी नीट उभा होतो.

धाकट्या मावशींनी विचारलं, जावयांनी काय केलं?

नानांनी एका बोटानं बराच वेळ टाइप केलं: "साबण त्यांनी धरला होता."

तेही खोटं आहे. साबणाला त्यांनी मला हातसुद्धा लावू दिला नव्हता.