कच्चा लिंबू

सुशी मी उभ्या आयुष्यात दोनदा खाल्ली आहे. एवढ्या भांडवलावर घरच्या चौघांसाठी सुशीचं रेस्टॉरंट निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एकीकडे साडू, टोकियोत आठ दिवस राहून आल्यापासून ‘सुशी’ हा शब्द डोळे मिटून उच्चारणारे. दुसरीकडे बायकोच्या मामी, ज्यांचा एकच प्रश्न, "जावईबापू, कच्चं असतं ना हो ते?"

"मामी कच्चा लिंबू," मी बायकोला हळूच म्हणालो. "त्यांना सांभाळून घेऊ."

साडूंनी ‘ओमाकासे’ची जागा सुचवली. ओमाकासे म्हणजे सगळं शेफवर सोडायचं. तो देईल ते आणि देईल त्या क्रमानं खायचं. मामी डॉक्टरांनासुद्धा गोळ्या सुचवतात. ती जागा बाद. दुसऱ्या ठिकाणचा मेनू पाहून साडूंनी नाक मुरडलं. "इतके प्रकार? एवढा मासा रोज खपतो तरी का?" मुद्दा बरोबर होता, म्हणून जास्तच राग आला.

मग मी फोनाफोनी सुरू केली. एकाला दरडावून विचारलं, "मासा ताजा आहे ना?" तो शांतपणे म्हणाला, "नाही सर, गोठवलेला असतो." मी फोन आपटला आणि हा पराक्रम साडूंना सांगितला. ते पोट धरून हसले. कच्चा खायचा मासा बहुतेक वेळा आधी गोठवतातच. उणे 20 अंशांना सात दिवस ठेवला की त्यातले परजीवी मरतात. म्हणजे इतक्या फोनांत एकच माणूस सरळ बोलला आणि मी नेमका त्यालाच झापला. आवाज बदलून पुन्हा फोन केला आणि टेबल सांगून ठेवलं.

मामींसाठी मी तयारीही केली. सुशीची खरी ओळख मासा नव्हे, व्हिनेगर घातलेला भात. भाताशिवाय नुसता कच्चा मासा म्हणजे साशिमी. काकडीची काप्पामाकी असते, गोडसर अंड्याची तामागो असते. तिथं बशा फिरत्या पट्ट्यावरून येतात, म्हणजे बघून उचलता येतं. ही युक्ती ओसाकाच्या योशिआकी शिराइशी यांची. बिअरच्या कारखान्यातला पट्टा पाहून त्यांना सुचली आणि 1958 मध्ये त्यांनी तसं रेस्टॉरंट काढलं.

"बिअरच्या?" मामींनी एवढंच ऐकलं.

प्रत्यक्षात मी चॉपस्टिक्सनं ऐटीत निगिरी, म्हणजे वर मासा ठेवलेला भाताचा मुटका, उचलली आणि भाताची बाजू सोया सॉसमध्ये बुडवली. भातानं सॉस पिऊन घेतला, जरा फुगला आणि वाटीतच विरघळला. काड्यांत मासा तेवढा लोंबत राहिला. "माशाची बाजू बुडवायची," साडू कळवळले. "आणि हातानं खाल्लं तरी चालतं. मामी बघा कशा खातायत."

मामी केव्हापासून हातानंच खात होत्या. त्यांच्या बोटांत नारिंगी काहीतरी चमकलं.

"मामी, तो सॅमन मासा आहे! कच्चा!"

"माहितेय. तिसरा आहे हा."

बिलासाठी बशा मोजल्या. साडू सात, बायको सहा, मामी नऊ. माझ्या पुढ्यात चार आणि वाटीत काळी पडलेली शितं.

मामींनी वाटीकडे पाहिलं आणि मोजणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "धाकट्या जावयांना मोजू नका हो. कच्चा लिंबू आहेत."