‘रोज पोस्ट टाका, क्लायंट आपोआप येतील’ म्हणे

डिझायनर लोकांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. "पोर्टफोलिओला एक्सपोजर मिळत नाही? हे ७ नियम पाळा, ९० दिवसांत क्लायंट स्वतःहून दारात." नियम असे: रोज एक पोस्ट, सगळ्या प्लॅटफॉर्मवर अकाउंट आणि भरपूर हॅशटॅग, किमान २५ प्रोजेक्ट, भारी मॉकअप (म्हणजे न छापलेलं काम छापल्यासारखं दाखवणारं चित्र), सुरुवातीला फुकट काम, मिळेल त्या कॉन्टेस्टमध्ये एन्ट्री, आणि सातवा म्हणजे ऑफलाइन गाठीभेटींत वेळ घालवू नका, तो जमाना गेला. लिहिणाऱ्याचा पत्ता नाही, फॉरवर्ड करणारे मात्र सगळे ओळखीचे.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, पॅकेजिंग आणि छापील कामं करतो, निम्मे क्लायंट इथल्याच वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांचे आणि निम्मे नवी मुंबईच्या रबाळे-तुर्भे पट्ट्यातले. ज्युनियर पोरं विचारायला लागली की दादा हे खरंय का, म्हणून एकदाच लिहून टाकतो. क्रम त्या मेसेजचाच ठेवतोय, पण सगळ्या मुद्द्यांना सारखा वेळ देणार नाही, काहींची तेवढी लायकी नाही.

तर पहिला, रोज एक पोस्ट. एक साधं मसाल्याचं पाकीट घ्या. ब्रीफ, मग दोन-तीन ऑप्शन, मग मालकाच्या मेव्हण्याचं मत, मग "लाल जरा अजून लाल करा", मग पाकिटाचा साइजच बदलतो, मग प्रूफ. एवढं सगळं होऊन दाखवण्यासारखं एक काम तयार होतं, मग रोज टाकायला रोज नवीन काम आणायचं कुठून? म्हणून लोक काय करतात तर आज या दिनाच्या शुभेच्छा, उद्या त्या दिनाच्या, परवा एक काल्पनिक कॉफी ब्रँड ज्याचा ना मालक आहे ना दुकान. आणि लाईक कोणाचे येतात ते एकदा नीट उघडून बघा. कॉलेजची बॅच, दुसऱ्या शहरातले डिझायनर, आणि "प्रमोट इट ऑन" वाली अकाउंट्स. यातला एकही माणूस तुम्हाला काम देणार नाही, त्यातले निम्मे स्वतःच काम शोधतायत. इलस्ट्रेशन किंवा लेटरिंग करणाऱ्याला रोज पोस्ट टाकून फायदा होऊ शकतो हे मान्य, कारण त्याचा हात एका चित्रात दिसतो. पॅकेजिंग, पुस्तकं, ॲपचे स्क्रीन, यांचं तसं नसतं.

दुसरा, सगळीकडे अकाउंट. बिहान्स म्हणजे डिझायनरांनी आपली कामं मांडायची वेबसाइट. त्याच्यासारखंच ड्रिबल तर सुरुवातीला आमंत्रणाशिवाय पोस्टच करू देत नव्हतं आणि ४०० बाय ३०० पिक्सेलचा छोटासा चौकोन टाकायचा असायचा, म्हणजे मी सध्या काय करतोय त्याची झलक. दोन्ही जागा मुळात डिझायनरने डिझायनरला दाखवायच्या. तिथे असावं, नाही असं नाही, एजन्सीत किंवा प्रॉडक्ट कंपनीत नोकरी हवी असेल तर तिथले लोक बघतातच. पण रबाळ्यात फरसाणाचं युनिट असलेला माणूस रात्री जेवण झाल्यावर बिहान्स उघडून बसत नाही हो. तो गुगलवर "बॉक्स डिझायनर ठाणे" टाकतो किंवा प्रेसवाल्याला फोन लावतो.

आणि गुगलचं म्हणाल तर आपण डिझायनर लोक तिथे स्वतःच स्वतःला लपवतो. प्रोजेक्टची सगळी माहिती, क्लायंट कोण, अडचण काय, आपण काय केलं, हे सगळं सुंदर टाइप लावून इमेजमध्येच बसवून एक्सपोर्ट करायचं आणि फाइलचं नाव काय, तर "फायनल फायनल ३ न्यू". गुगलने स्वतः सांगितलंय की मजकूर मजकूर म्हणून लिहा, फाइलला अर्थाचं नाव द्या, चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारी ओळ, द्या. इमेजला "लाल मिरची पावडर पाकीट, २०० ग्रॅम, ठाणे" असं नाव देऊन खाली चार ओळी साध्या भाषेत लिहिल्या तर तेवढ्यानेच तीस हॅशटॅगपेक्षा जास्त काम होतं, फक्त ते कंटाळवाणं असल्यामुळे त्याचं रील बनत नाही.

२५ प्रोजेक्ट. हा मुद्दा लिहिणाऱ्याने पोर्टफोलिओ बघणारा माणूस कधी पाहिलेलाच नसावा. तो माणूस ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीच्या आसपास उभा असतो, एका हाताने वरचं हँडल आणि दुसऱ्या हातात फोन, त्यात तुमची लिंक. लॉगिन मागितलं की संपलं. पीडीएफ २५ एमबीच्या वर गेली की जीमेल ती अटॅच न करता ड्राइव्हवर टाकतं, तुम्ही परमिशन द्यायला विसरता, समोर "रिक्वेस्ट ॲक्सेस" येतं, तिथेही संपलं. सगळं नीट उघडलं तरी पहिली दोन-तीन कामं बघून तो ठरवतो. तुमचं सगळ्यात चांगलं काम सतराव्या नंबरवर असेल तर ते नसल्यातच जमा. आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातलं पोस्टर नंबर वाढवायला ठेवलं असेल तर तो नेमकं तेच लक्षात ठेवतो, हे वरून.

आता मॉकअप, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय.

मॉकअपमध्ये पाकीट हवेत तरंगतं, बाजूला चार मिरच्या, मागे सॉफ्ट सावली. छान दिसतं, वाद नाही. पण त्यात फक्त पुढची बाजू असते आणि क्लायंटची झोप उडते ती मागच्या बाजूने. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, लोगो आणि लायसन्स नंबर, घटक पदार्थ, न्यूट्रिशनचा तक्ता, नेट वजन, एमआरपी सर्व करांसहित, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, कस्टमर केअर, पॅकिंगची तारीख छापायला मोकळी जागा, हिरव्या चौकोनात हिरवा भरीव गोल. वजनाच्या अक्षरांची कमीत कमी उंची किती हेही नियमात ठरलेलं असतं, "डिझाइनला सूट होत नाही" म्हणून बारीक करता येत नाही. मी असे मॉकअप पाहिलेत ज्यात चिकन मसाला म्हणून तपकिरी गोल टाकलाय, नॉनव्हेजचं चिन्ह आता तपकिरी त्रिकोण आहे हे गावीच नाही. दुसऱ्यात बारकोड ब्रँडच्या रंगाचा म्हणजे लाल, पांढऱ्या पट्टीवर. दुकानातला स्कॅनर लाल उजेड टाकतो, त्याला लाल रेघा आणि पांढरी पट्टी दोन्ही सारखंच दिसतं, बीप वाजणारच नाही. हे इन्स्टावर दोन हजार लाईक घेऊन बसलेलं काम होतं. ज्याला खरंच पाकीट छापायचंय तो हे बघतो आणि काही न बोलता पुढे जातो, तुम्हाला कधी कळतही नाही की काम का गेलं.

म्हणून मी सांगतो, मागची बाजू दाखवा. डायलाइन, म्हणजे पाकीट कुठे कापायचं-दुमडायचं त्याचा आराखडा, दाखवा. आधीचं जुनं पाकीट बाजूला ठेवा, आणि छापून दुकानाच्या शेल्फवर आल्यावर मोबाइलने काढलेला फोटो, ट्यूबलाइटच्या उजेडातला, बाजूला दुसऱ्या ब्रँडची पाकिटं असलेला. तो फोटो मॉकअपपेक्षा कुरूप असतो आणि क्लायंट बोट ठेवतो ते नेमकं त्याच्यावर, "हे तुमचंच का?" असं विचारत.

अजून एक, देवनागरी. आपल्याकडच्या शंभरातल्या बहुतेक पोर्टफोलिओत मराठीचा एक शब्द नसतो आणि मग म्हणायचं मार्केट नाही. दुकानांसाठीच्या राज्याच्या कायद्यात २०२२ ला झालेल्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाहीत असंही ठरलं, मग सप्टेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्या काळात ठाण्यातल्या गोखले रोड, राम मारुती रोडला चक्कर मारली असती तर दिसलं असतं, इंग्लिश लोगो मेहनतीने काढलेला आणि त्याच्या डोक्यावर मराठी नाव कुठल्यातरी फुकटच्या फॉन्टमध्ये ताणून बसवलेलं. इंग्लिश लोगोच्या वळणाचं मराठी अक्षर काढून देणारा माणूस त्या दुकानदारांना हवा होता, आणि अशी दोन-चार कामं शेजारी-शेजारी मांडलेली कोणाकडे होती? फार कमी जणांकडे. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर ही देवनागरीसाठी लागणारी सेटिंग चालू करायची राहिली की जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या बाजूला जाऊन बसते, असे ब्रोशर मी अजून बघतो. नीट सेट केलेलं एक मराठी पान पोर्टफोलिओत असणं हेच आपल्या भागात वेगळेपण आहे, त्याला कुठलंही अल्गोरिदम लागत नाही.

फुकट काम. यावर ठाणेकराला काय शिकवायचं, आपण मंडळांच्या गावचे. "आपलंच मंडळ आहे, एक बॅनर करून दे ना, सगळ्या ठाण्यात लागेल." लागतो, खरंच लागतो, दहा बाय आठचा फ्लेक्स, नाक्यानाक्यावर. त्यावर बावीस शुभेच्छुकांचे फोटो असतात, ज्याचा राहिला तो रात्री साडेबाराला फोन करतो, आणि डिझायनरचं नाव शोधायला भिंग लागतं, तेही असलं तर. एक्सपोजर मिळालं, पण शुभेच्छुकांना. मंडळासाठी प्रेमाने करायचं तर करा, मीही करतो, पण त्याला मार्केटिंग म्हणू नका. फुकटच करायचं असेल तर लेखी एवढं तरी घ्या की नाव छापणार आणि मी हे काम माझ्याकडे दाखवणार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सही करून द्यावे लागतात, आणि दिल्यावरही हे काम माझं आहे असं म्हणायचा अधिकार कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडे राहतो. नोकरीत केलेल्या कामाचं वेगळं, तिथे वेगळा करार नसेल तर पहिला मालक एम्प्लॉयर, त्यामुळे जुन्या एजन्सीतलं काम टाकण्याआधी विचारा आणि तुमचा भाग कुठला ते खरं लिहा. एवढंच.

कॉन्टेस्टचं समर्थन करताना दोन नावं हमखास येतात. २०१० चं रुपयाचं चिन्ह, डी. उदय कुमार, बक्षीस अडीच लाख. आणि २०१४ चा स्वच्छ भारतचा चष्मा, आपल्या कोल्हापूरचे अनंत खासबारदार, बक्षीस ५० हजार. दोघांबद्दल आदरच आहे. पण उदय कुमार तेव्हा आयआयटी मुंबईत डिझाइनमध्ये पीएचडी करत होते आणि खासबारदार आधीपासून जाहिरात व्यवसायात होते, कॉन्टेस्टमुळे ते डिझायनर झाले नाहीत. रुपयासाठी तीन हजारांहून जास्त एन्ट्री होत्या, बाकीच्यांतली किती नावं आपल्याला ठाऊक आहेत? आणि ती सरकारची, देशभर गाजलेली स्पर्धा होती. फॉरवर्डमध्ये म्हणतात त्या कॉन्टेस्ट म्हणजे कुठल्यातरी स्टार्टअपला चारशे लोगो फुकटात बघायचेत, आणि अटींमध्ये बारीक अक्षरात सगळ्या एन्ट्री आयोजकाच्या मालकीच्या. आधी ती ओळ वाचा, मग फाइल अपलोड करा.

सातवा नियम, ऑफलाइन संपलं. हा मेसेजमधला सगळ्यात चुकीचा नियम आहे, निदान छापील काम करणाऱ्यांसाठी. वागळे इस्टेट किंवा तुर्भे एमआयडीसीतल्या प्रेसमध्ये जाऊन प्रीप्रेसवाल्या, म्हणजे छपाईआधी फाइल तयार करणाऱ्या, माणसाशेजारी तासभर बसा. त्याच्याकडे दिवसभर लोकांच्या फाइली येतात आणि कोणाची फाइल कशी असते हे त्याला पाठ असतं. कोणाला ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी कडेला जादा रंग, सोडायचं कळत नाही, कोणी फॉन्ट आउटलाइन करत नाही, म्हणजे अक्षरांचे आकार करून देत नाही, कोणाचा सगळा मजकूर आरजीबीतून, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतून, आलेला असतो. सहा पॉइंटचं काळं अक्षर चार रंगांत फुटलेलं असेल तर मशीनवर रजिस्टर, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसणं, केसभर हललं की अक्षराला लाल-निळी किनार येते, वाचणाऱ्याला वाटतं डोळ्यांचा नंबर वाढला. तेच फक्त काळ्या प्लेटवर असेल तर काही होत नाही. हे ज्याच्या फाइलीत आधीच नीट असतं त्याचं नाव हा माणूस लक्षात ठेवतो, कारण त्याचा स्वतःचा अर्धा तास वाचलेला असतो. आणि नवीन गिऱ्हाईक येऊन म्हणतं की डिझाइन करून देणारा कोणी आहे का, तेव्हा तो कोणाचा नंबर देतो हे वेगळं सांगायला नको. त्याने तुमचं इन्स्टा कधीच बघितलेलं नसतं.

जुन्या लोकांचं बघा ना. मराठी नाटकांच्या जाहिरातीतली कमल शेडग्यांची अक्षरं लोक वर्तमानपत्रात बघायचे, नाटक बघायच्या आधी अक्षर ओळखायचे. त्यांचं प्रदर्शन म्हणजे छापून आलेलं कामच होतं, आणि पुढचं नाटक काढणारा निर्माता तेच पान वाचत असायचा. पाहणारे खूप होते म्हणून नाही, काम देणारा त्या पाहणाऱ्यांतच होता म्हणून ते चाललं. तुमच्या कामाचा निर्माता कुठलं पान वाचतो ते आधी शोधा, मग अकाउंट कुठे उघडायचं ते ठरवा. ॲपवाल्याचं पान वेगळं, लग्नपत्रिकावाल्याचं वेगळं, वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये स्टॉल लावणाऱ्या कंपनीचं अजून वेगळं.

राहिले ते ९० दिवस. आमच्या लाइनमध्ये दिवाळीच्या गिफ्ट बॉक्सचं काम पावसाळ्यात येतं आणि गणपतीच्या आसपास आर्टवर्क लॉक झालेलं असतं, कारण छपाई, लॅमिनेशन, पंचिंग, पेस्टिंग या सगळ्याला वेळ लागतो. दिवाळी संपल्यावर जोशात ९० दिवस सुरू केलेत तर फेब्रुवारीत तुम्ही म्हणणार की आपल्यात टॅलेंट नाही, आणि तिकडे ज्याला बॉक्स हवाय त्याने अजून बजेटचा विचारही केलेला नसतो. मे महिन्यात पोर्टफोलिओ आवरा, सात-आठ कामं ठेवा, लिंक लॉगिनशिवाय उघडते का ते दुसऱ्याच्या फोनवर बघा आणि जूनमध्ये, भर पावसात का होईना, दोन-तीन प्रेसमध्ये छापील नमुने घेऊन जा. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये न्या, वागळेला पाणी तुंबतं.