थर्माकोल, पापड आणि हत्ती : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

अंगणातली माझी चार फुटी माशांची टाकी, तिचं स्टँड आणि काचेखालचा थर्माकोल यांवरच्या लेखाखाली तुम्ही 'स्थापत्यवाला' या नावानं दिलेली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. बायकोनंही वाचली आणि "गप्प बसा, उत्तर देऊ नका" म्हणाली. रात्रभर गप्प बसलो. आता लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. साहेबांचं पहिलंच वाक्य असं : "थर्माकोलवर चारशे किलो म्हणजे पापडावर हत्ती, हौशी मंडळींनी मासे पाळावेत, लोकांना बांधकाम शिकवू नये." त्याखाली पाच मुद्दे. पाण्याचा हिशेब चुकला आहे. स्टँडच्या पायांना बेस प्लेट (भार पसरवणारे लोखंडी तुकडे) नाहीत, त्यामुळे अँगलच्या, म्हणजे एल आकाराच्या लोखंडी पट्टीच्या टोकाखाली चौरस सेंटिमीटरला २७ किलो येतात. काळ्या मातीवर नुसती शहाबादी टाकून भागत नाही. प्लाय उघड्यावर टिकत नाही. आणि लेख वाचून उद्या कुणी बाल्कनीत टाकी ठेवली तर जबाबदार कोण?

आधी चूक कबूल करतो, म्हणजे पुढं मोकळेपणानं बोलता येईल. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच म्हणजे ९ घनफूट, म्हणजे २५५ लिटर. लेखात २२५ पडलं. टायपिंगची चूक होती, दुरुस्त केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. हेच दोन ओळींत, साध्या शब्दांत सांगता आलं असतं, एवढंच म्हणतो.

आता पापड.

साहेब, थर्माकोल वजन पेलायला ठेवतात असं मी कुठं लिहिलंय? तो काचेच्या आणि प्लायच्या मध्ये असतो, आणि त्याचं काम एकच : वरखाली असेल ते गिळणं. वजन खालचा प्लाय आणि अँगलची चौकट घेते. तरीही तुम्हाला हत्तीच मोजायचा असेल तर मोजू. पाणी, काच, माती, दगड मिळून साडेतीनशेच्या थोडं वर, स्टँड धरून चारशे. टाकीचा तळ १२२ बाय ४६ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच हजार चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त. भागाकार करा. एका चौरस सेंटिमीटरवर ७० ग्रॅमसुद्धा येत नाहीत. सत्तर किलोचा माणूस अनवाणी त्याच थर्माकोलवर उभा राहिला तर तळपायाखाली याच्या तिपटीचौपटीनं भार येतो. उभे राहून बघा. टाचेचा ठसा उमटेल, थर्माकोल जागेवर असेल. हत्ती साडेपाच हजार चौरस सेंटिमीटरवर पसरून झोपला की त्याची बकरी होते, हे स्थापत्यवाल्यांना मी सांगायचं म्हणजे कमालच झाली.

थर्माकोल नसला तर काय होतं तेही सांगतो, कारण हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. साल २००३. तीन फुटी टाकी, खाली कडप्पा, कडप्प्यावर थेट काच. जागा झाडून घेतली होती, ओल्या फडक्यानं पुसलीही होती. अकराव्या दिवशी दुपारी जेवताना 'टक्' असा आवाज आला. एवढासाच, कुणी लांबून काडेपेटीची काडी मोडावी तसा. मागोमाग पाणी. सगळं उपसून टाकी उलटी केली तेव्हा कडप्प्यावर एक खडा चिकटलेला दिसला, ज्वारीच्या दाण्याएवढा, पांढरा. तळाच्या काचेत त्याच जागेवरून तीन भेगा फुटल्या होत्या, कोंबड्याच्या पायासारख्या. तो खडा मी अजून जपून ठेवलाय, फिल्मच्या रिकाम्या डबीत. थर्माकोल असता तर तो त्यात रुतून बसला असता आणि माझे अकरा एंजल मासे जगले असते. बारा ते वीस मिलिमीटर जाडीचा, दाबून बघून घेतलेला थर्माकोल, एवढंच मी लेखात लिहिलं होतं. यात कुठं पापड आणि कुठं हत्ती?

हां, एक मात्र मी लिहायला हवं होतं. ज्या टाक्यांना खालून प्लास्टिकची चौकट असते आणि तळाची काच अधांतरी असते, त्यांना थर्माकोल घालायचा नाही. तिथं वजन चौकटीवर यायला हवं. मधूनच थर्माकोलनं वर ढकललं तर काच जाते. पण हे तुम्ही विचारलंच नव्हतं. तुम्हाला पापड सुचला होता ना.

राहता राहिला 'हौशी'. शब्द वाईट नाही, पण तुम्ही तो ज्या चालीत म्हटलाय ती चाल मला कळते. १९९६ मध्ये काचेच्या बरणीत बारा गप्पी आणून सुरुवात केली. त्यानंतर स्वतः काच कापून, सिलिकॉन लावून दीडशेच्या वर टाक्या चिकटवल्या आहेत. दुकानवाल्यांना दिल्या, दवाखान्यांना दिल्या, एका मंगल कार्यालयाला दिली. आमचे मामा गवंडी होते. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली ओळंबा आणि गुण्या धरलाय, पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची लेव्हल कशी बघायची हे चौथीत शिकलोय. कागदाचा तुकडा माझ्याकडं नाही, खरंय. पण सोलापूरच्या मे महिन्यात, बाहेर बेचाळीस अंश असताना, हिरव्या नेटच्या सावलीत वॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरिन या पाण्यातल्या वनस्पती जगवून दाखवा, मग हौशी कोण ते ठरवू.

बाकी मुद्द्यांना फार वेळ देत नाही. बाल्कनीचं म्हणाल तर लेखात ठळक अक्षरांत लिहिलंय की ही टाकी जमिनीवरची आहे. घरगुती बाल्कनी चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो धरून काढतात, हे आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात आहे हे मलाही माहीत आहे. माझ्या टाकीखाली तोच आकडा सातशेच्या घरात जातो. बाहेर आलेल्या बाल्कनीत ती ठेवायचीच नाही, गच्चीवर ठेवायची तर खाली कॉलम-बीम कुठं आहेत ते बघितल्याशिवाय नाही. हे न वाचता कुणी ठेवली तर मी काय त्याच्या घरी जाऊन उभा राहू?

प्लायचं म्हणाल तर वॉटरप्रूफ आहे, कडांना ऑइलपेंट मारलाय. एका कोपऱ्यात फुगलाय, पण थोडासा. मुंग्यांनी एकदा थर्माकोल कोरून घर केलं होतं, तेही सांगून टाकतो, नाहीतर पुढच्या प्रतिक्रियेत तुम्ही मुंग्यांवर याल.

काळी माती. अहो, आम्ही हद्दवाढ भागात राहतो. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आम्हाला कुणी शिकवायचं? म्हणून तर दीड वीत खणून मुरूम टाकला, पाणी मारून धुम्मस केली आणि वर शहाबादी बसवली. कोबा केला नाही, कारण अंगण पुढंमागं उकरावं लागेल, ड्रेनेजची लाइन त्याच बाजूनं गेलीय. आता तुम्ही म्हणाल टाकी कलली असेल. कलली होती. गेल्या जुलैत मोठा पाऊस झाला, त्यानंतर आठवड्याभरानं पाण्याची रेघ डाव्या मागच्या कोपऱ्यात काचेच्या कडेजवळ सरकलेली दिसली. पट्टी लावून मोजली, चार मिलिमीटर. मी घाबरलो नाही. अर्धं पाणी काढलं, स्टँड पहारेनं जरासा उचलला, त्या पायाखाली शहाबादीची एक चीप सारली आणि नळीनं लेव्हल बघून पुन्हा भरलं. दिवाळीच्या आधी दुसरी चीप घातली. म्हणजे बघा, लक्ष ठेवणारा माणूस असला की हे सगळं सांभाळता येतं. शहाबादी त्या जागी जरा तडकली आहे, अँगलच्या कोपऱ्याच्या आकाराची, इंग्रजी एलसारखी बारीक चीर आहे. पण दगडच तो, कधीतरी तडकतो.

२७ किलोचा तुमचा आकडा मी तपासला. ४० बाय ४० बाय ५ चा अँगल धरून बरोबर येतो. आकडा बरोबर आला म्हणून बोलण्याची पद्धत बरोबर ठरत नाही. तुम्ही माझ्या अंगणात आला असतात, चहा घेत "पायाखाली प्लेटा मारा हो" म्हणाला असतात, तर मी त्याच दिवशी मारल्या असत्या. चारचौघांसमोर पापड म्हटलंत. आमच्या पुतण्यानं ते वाक्य व्हॉट्सअॅपच्या घरच्या ग्रुपवर टाकलंय. आता रोज सकाळी कुणी ना कुणी हत्तीचं चित्र पाठवतं.

यापुढं प्रतिक्रिया द्याल तेव्हा पहिलं वाक्य गाळून द्या. बाकीचं मी वाचतो.

कळावे.

ता. क. : येत्या रविवारी टाकी पूर्ण रिकामी करतोय, मातीही बदलायची आहे, त्यामुळे स्टँड मोकळा मिळेल. फॅब्रिकेशनवाल्याकडं ६ मिलिमीटरची प्लेट पडून आहे, सहा बाय सहा इंचाचे चार तुकडे तो लगेच कापून देतो म्हणतो. ६ ची पुरेल की १० ची घेऊ? शनिवारपर्यंत कळवा.